आधी बोल्ट, मग पाना: घरच्या वॅगनआरसाठी हत्यारं

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

बाबांची २०१२ची वॅगनआर आता कायमची नाशिकला आली आहे. के-सिरीजचं ९९८ सीसी इंजिन, तीन सिलिंडर, आवाज अजून स्वच्छ. पण गाडीचं सगळं आयुष्य रत्नागिरीत, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गेलंय. खाली वाकून टॉर्च मारला की ते लगेच कळतं. सायलेन्सरच्या पत्र्याचे बोल्ट तपकिरी पडलेत, चाकांच्या आतल्या बाजूला गंजाचे पापुद्रे आहेत. अशा गाडीवर सैल पाना चालवला तर बोल्टचं डोकं पहिल्याच झटक्यात गोल होईल. म्हणून हत्यारं जमवणं हाच स्वतंत्र प्रकल्प धरला आहे आणि त्याच्या नोंदी ठेवते आहे.

कामाची हद्द आधी आखली. ऑइल आणि फिल्टर, स्पार्क प्लग, एअर फिल्टर, बॅटरी, दिवे, चाकं काढणं-बसवणं एवढं घरी. ब्रेक, स्टिअरिंग आणि क्लच गॅरेजकडेच.

"शंभर नगांची पेटी येते, ती घेऊन टाक," असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पेटी घ्यायची नाही हे मी पक्कं ठरवलंय. त्या शंभरातले निम्मे नग म्हणजे स्क्रू ड्रायव्हरची बारकी टोकं असतात, उरलेल्यांपैकी अर्ध्या मापांचा बोल्ट या गाडीवर सापडतच नाही. ज्या चार-पाच नगांवर सगळा जोर येतो, त्यांच्याच पोलादात काटकसर केलेली असते.

तेव्हा आज खरेदी शून्य. वरच्या मजल्यावरच्या काकांकडून पाने मागून आणले, बॉनेट उघडलं आणि हद्दीतल्या कामांचे बोल्ट एकेक करून लावून पाहिले. काका अंबडच्या कारखान्यात फिटर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. बॅटरीचे टर्मिनल आणि कॉइलचे (प्लगला ठिणगीची वीज देते ती) बोल्ट १० नंबर, म्हणजे डोक्याची रुंदी १० मिलिमीटर. ब्रॅकेट, पत्रे आणि इंजिनभोवतीचे बरेचसे बोल्ट १२ आणि १४. प्लग १६. ऑइल सोडायचा बोल्ट १७. चाकांचे नट १९. संपली यादी.

१३ नंबर कुठेच लागला नाही. यामागे कारण आहे. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला जपानी पद्धतीत १२ चं डोकं असतं, युरोपीय पद्धतीत १३ चं. १० मिलिमीटरच्या बोल्टला जपानी डोकं १४ चं, युरोपीय १६ किंवा १७ चं. सुझुकीची वंशावळ जपानी, म्हणून आपल्याकडे १०-१२-१४-१७ हीच साखळी चालते. शेजारच्या इमारतीत एक फोक्सवॅगन आहे. तिच्या मालकानं माझी यादी उतरवून घेतली तर त्याचं काम अडेल.

२८ सप्टेंबर, शनिवार

सातपूर एमआयडीसीच्या बाजूच्या दुकानात गेले. नाशिककरांना या बाबतीत मोठं सुख आहे, पाने बनवणाऱ्या टपारियाचा कारखानाच सातपूरला. इथल्या दुकानदारांना पान्यातलं कळतं, प्रश्न विचारला की कंटाळत नाहीत.

जाताना खिशात दोन नवे बोल्ट ठेवले होते, एक १४ चा, एक १७ चा. काकांनी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकपट्टी, दिला आणि वर बजावलं, "अगं, चकाकी बघू नकोस, तोंड बघ." काउंटरवर तीन वेगवेगळ्या बनावटींचे १४ नंबरचे पाने मांडून घेतले. बोल्टचं डोकं भरलं १३.९. चांगल्या पान्याचं तोंड १४.१, मधल्याचं १४.२, आणि सर्वात स्वस्त, आरशासारखा चकाकणारा पाना भरला १४.४. तोच खरा धडा. अर्धा मिलिमीटर फट म्हणजे पाना डोक्याच्या सपाट बाजूला धरतच नाही, फक्त कोपऱ्यांवर टेकतो, आणि जोर लावला की कोपरे खातो.

व्हर्नियर नसला तरी अडत नाही. बोल्ट पान्यात घालून उजेडासमोर धरायचा. दोन्ही बाजूंनी सारखी, केसाएवढी रेघ दिसली तर ठीक. एका बाजूला पाचर दिसली तर तोंडाच्या दोन भिंती समांतर नाहीत, तो पाना परत द्यायचा. मग बोल्ट हलवून बघायचा, खडखडला की नको. पान्याच्या अंगावरचा नंबर आणि बनावटीचं नाव घडवतानाच उठवलेलं आहे की वरून रंगानं छापलंय हेही बघायचं, कारण नामांकित कंपन्यांचा डुप्लिकेट माल बाजारात भरपूर आहे. 'क्रोम व्हॅनेडियम' (मजबूत पोलादाचा प्रकार) ही अक्षरं मात्र कोणीही छापतो, त्यावर भरवसा ठेवायचा नाही.

घेतलं ते असं: एका टोकाला उघडं तोंड आणि दुसऱ्या टोकाला रिंग असलेले कॉम्बिनेशन पाने, ८, १०, १२, १४, १७ आणि १९. सुटे घेतले. संचात नग स्वस्त पडतो हे खरं, पण सुटे घेतले की प्रत्येक पाना बोल्टवर लावून निवडता येतो. शिफ्टिंग पाना, म्हणजे लहानमोठा करता येणारा, घेतला नाही. नळाच्या कामाला तो उत्तम. गंजलेल्या बोल्टला तो लावायचा नाही, त्याचा जबडा जोराखाली किंचित उघडतो.

२९ सप्टेंबर, रविवार

बॅटरी काढून ट्रे साफ केला. निगेटिव्ह आधी सोडला, बसवताना तो शेवटी. टर्मिनलवर पांढरी बुरशी धरली होती, कोमट पाणी आणि खायचा सोडा घालून धुतली.

बॅटरीच्या मागे हात जेमतेम जातो. तिथला एक ब्रॅकेटचा बोल्ट १२ चा. रिंग घालायला वरून जागा नाही, उघडं तोंडच लागतं, आणि ते पण थोडंसं फिरलं की भिंतीला अडतं. इथे पान्याच्या घडणीतली एक गोष्ट कामी आली. उघडं तोंड दांड्याला सरळ नसतं, १५ अंशांनी कलतं असतं. अडलं की पाना काढायचा, उलटा करायचा आणि पुन्हा लावायचा. ६० अंश फिरवायची जागा नसली तरी ३० अंशांत बोल्ट सुटत जातो. काकांनी एकदा करून दाखवलं, मग बोटांना आपोआप कळलं: लाव, ओढ, पालट, लाव, ओढ, पालट.

पण घट्ट बोल्टची पहिली फोड रिंगनंच करायची. रिंग डोक्याला सगळीकडून धरते, उघडं तोंड दोनच बाजूंनी. सैल झाल्यावर उघड्या तोंडानं पटापट काढावा.

५ ऑक्टोबर, शनिवार

आजचा विषय गोट्या आणि रॅचेट. गोटी म्हणजे बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखं बसणारं सॉकेट, रॅचेट म्हणजे ती फिरवणारा, एकाच दिशेनं धरणारा दात्यांचा दांडा. इथे सर्वात जास्त वेळ दिला आणि सर्वात जास्त पैसेही इथेच गेले.

गोटी आतून सहा कोनांची असते किंवा बारा कोनांची. बारा कोनांची लावायला सोपी, कशीही बसते, म्हणून दुकानात तीच पुढे करतात. या गाडीसाठी मी सगळ्या सहा कोनांच्या घेतल्या. सहा कोनांची गोटी डोक्याच्या सपाट बाजूंवर दाब देते. बारा कोनांची कोपऱ्याच्या जवळ दाबते, आणि गंजानं आधीच झिजलेल्या कोपऱ्यावरून ती सटकते. चांगल्या बनावटीच्या गोट्यांत आतले कोपरे मुद्दाम किंचित गोल सोडलेले असतात, म्हणजे बोल्टच्या कोपऱ्याला धातू लागतच नाही. बोट घालून फिरवलं की ते जाणवतं.

गोटी ज्यावर बसते त्या चौकोनी टोकाचं माप: पाव इंच, ३/८ इंच की अर्धा इंच? गॅरेजमध्ये अर्धा इंचच दिसतो, कारण त्यांना सगळं त्याच एकानं उरकायचं असतं. या छोट्या गाडीच्या बॉनेटखाली अर्ध्या इंचाचं रॅचेट धड फिरत नाही, आणि १० नंबरच्या बोल्टवर एवढा लांब दांडा लावला तर बोल्ट तुटायची भीती. मी ३/८ घेतला. फक्त चाकाच्या नटांसाठी अर्ध्या इंचाची लांब दांडी आणि १९ ची काळी, जाड भिंतीची गोटी वेगळी घेतली.

रॅचेटला दाते किती हे दुकानात विचारावं. २४ दात्यांचं रॅचेट पुढच्या दात्यावर जायला १५ अंश मागतं, ७२ दात्यांचं फक्त ५ अंश. इंजिनच्या मागच्या बाजूला, जिथे मनगट हलवायलाही जागा नाही, तिथे ५ आणि १५ मधला फरक म्हणजे काम होणं आणि न होणं यातला फरक. ७२ चं घेतलं. पण बारीक दाते जोराला नाजूक, म्हणून जाम बोल्ट रॅचेटनं फोडायचा नाही. त्यासाठी साधी दांडी. रॅचेटचे दाते गेले की ऐन जोरात हात सुटतो आणि बोटांची सालं निघतात.

सोबत दोन एक्स्टेन्शन, म्हणजे रॅचेट आणि गोटीमधल्या जोडदांड्या (७५ आणि १५० मिलिमीटर), आणि १६ नंबरची प्लगची लांब गोटी, आतून रबर असलेली.

६ ऑक्टोबर, रविवार

तिन्ही प्लग बदलले. इंजिन रात्रभर थंड झालेलं. हे महत्त्वाचं, कारण हेड अॅल्युमिनियमचं आहे आणि गरम असताना प्लग काढला तर आटे त्याच्याबरोबर बाहेर येऊ शकतात.

कॉइलचा १० चा बोल्ट, मग कॉइल हलके फिरवत वर. प्लग ज्या खोल विहिरीत बसतो तिच्यात हवा फुंकून धूळ उडवली, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. एक्स्टेन्शन, लांब गोटी, आणि पहिला प्लग कुरकुर करत सुटला. गोटीतलं रबर प्लगला धरून ठेवतं, म्हणून तो एवढ्या खोलातून सरळ वर येतो. ज्या गोटीत रबर किंवा चुंबक नाही ती या इंजिनला निरुपयोगी.

नवा प्लग आत सोडताना रॅचेट लावायचंच नाही. प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा खोचायचा आणि दोन बोटांनी फिरवायचा. आटे तिरके लागले तर नळी आपोआप घसरते, जबरदस्ती होतच नाही. तिन्ही प्लग असेच तळापर्यंत गेले. शेवटचा पीळ २५ न्यूटन-मीटर, काकांच्या जुन्या टॉर्क रेंचनं, म्हणजे पीळ मोजून आवळणाऱ्या पान्यानं. टॉर्क रेंच नसेल तर नवा, वॉशरचा प्लग टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा.

टॉर्क रेंच स्वतःचा हवा, हे आज पटलं.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी काकांकडे पूजेला बोलावलं होतं. त्यांच्या घरी खंडेनवमीची पूजा दसऱ्यालाच, पाटावर व्हर्नियर, कानस, हातोडी आणि झेंडूची फुलं. माझे सहा पाने आणि रॅचेटही त्यांनी पाटावर ठेवायला लावले.

दुपारी टॉर्क रेंच आणला. निवड करताना हिशेब असा: मला लागणारे आकडे २५ (प्लग), ३५ (ऑइलचा बोल्ट) आणि ८५ (चाकाचे नट, गाडीच्या पुस्तकात दिलेला). टॉर्क रेंच आपल्या कमाल मापाच्या साधारण २० टक्क्यांपासून वर विश्वासाचा. अर्ध्या इंचाचे २१० पर्यंत जाणारे रेंच दुकानात जास्त दिसतात, पण त्यांच्यासाठी २५ हा आकडा तळाच्याही खाली पडतो. २० ते १०० न्यूटन-मीटरचा, ३/८ चा घेतला. तिन्ही कामं एकाच हत्यारात बसली.

संध्याकाळी त्याची परीक्षा घेतली. काकांच्या व्हाइसमध्ये रेंचचं चौकोनी टोक आवळलं, दांडा आडवा. मुठीच्या मधोमध, टोकापासून ३० सेंटिमीटरवर, पाण्याची बादली टांगली. बादलीसकट वजन १४ किलो. १४ गुणिले ९.८ गुणिले ०.३ म्हणजे ४१ न्यूटन-मीटर, अधिक दांड्याचं स्वतःचं वजन थोडंसं. रेंच ४० वर लावला, बादली हळू सोडली: टक्. ४५ वर लावला, पुन्हा सोडली: गप्प. असे रेंच ४ टक्क्यांच्या आत बरोबर असावेत असं मानक आहे. ही बादलीची परीक्षा तेवढी बारीक नाही, पण हत्यार ढोबळमानानंही चुकीचं असेल तर ते वेळीच कळतं आणि दुकानात परत देता येतं.

काम झालं की रेंच तळाच्या मापावर आणून ठेवायचा, आतली स्प्रिंग ताणात राहू द्यायची नाही. त्यानं बोल्ट सोडायचा नाही, कधीच.

१९ ऑक्टोबर, शनिवार

छोटी नोंद, पण जपानी वंशाची गाडी किंवा मोटरसायकल असलेल्या प्रत्येकानं वाचावी अशी.

नंबर प्लेटचा स्टार स्क्रू निघत नव्हता. माझा स्टार स्क्रू ड्रायव्हर चांगल्या बनावटीचा, तरीही जोर देताच टोक वर उसळत होतं. टॉर्च मारून बघितलं तर स्क्रूच्या डोक्यावर फुलीच्या शेजारी एक बारीक ठिपका. तो ठिपका म्हणजे जपानी मानकाचा, जेआयएसचा स्क्रू. दिसायला अमेरिकी फिलिप्ससारखाच, पण खाचेचे कोन आणि खोली वेगळी. फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही, वरच्या वर तरंगतं आणि खाच चाटून टाकतं. उलट जेआयएसचं टोक फिलिप्स स्क्रूला बहुतेक वेळा चालून जातं.

जेआयएसचा दोन नंबरचा स्क्रू ड्रायव्हर मागवला. वेसल या जपानी बनावटीचा, हातोडीचा ठोका सहन करणारा. मुठीच्या मागे पोलाद उघडं असतं, त्यावर हलका ठोका मारत फिरवायचं. स्क्रू निघाला, खाच शाबूत. मागच्या दिव्यांचेही त्यानंच काढले.

घरच्या हत्यारांत स्क्रू ड्रायव्हरवर लोक सर्वात कमी पैसे घालतात. माझ्या मते हे उलट हवं. बोल्टचं डोकं खराब झालं तर पक्कड लावता येते, बुडालेल्या स्क्रूची खाच गेली की ड्रिलच आणावं लागतं.

२७ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीआधी ऑइल बदललं.

आधी जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी पेलून धरणारे लोखंडी पाय. ही हत्यारांच्या यादीत पहिली वस्तू धरावी, पानेसुद्धा त्यानंतर. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही. विटा आणि सिमेंटचे ठोकळे तर मुळीच नाहीत, ते सूचना न देता फुटतात. ही गाडी जेमतेम नऊशे किलोची, तरी दोन टनांचे, दात्यांना खीळ असलेले स्टँड घेतले. पार्किंगमधली सपाट जागा निवडली, पेव्हर ब्लॉक हलत नाहीत हे पायानं बघितलं, मागच्या चाकांना लाकडी पाचर, हँडब्रेक. स्टँडवर ठेवल्यावर गाडीला खांद्यानं दोनदा धक्का दिला. मग खाली गेले.

ऑइलचा बोल्ट आधी कुणीतरी हवेच्या गननं मारल्यासारखा आवळला होता. १७ ची सहा कोनांची गोटी, लांब दांडी, आणि जोर धक्क्यानं न देता सावकाश वाढवत नेला. सुटला. कोपरे जसेच्या तसे. नवा वॉशर, हातानं पूर्ण फिरवून मग ३५ न्यूटन-मीटर. २५ सेंटिमीटरच्या पान्यावर हा जोर १४ किलोच्या ओढीएवढा होतो. साध्या पान्यानं करताना बहुतेक माणसं यापेक्षा खूप जास्त ओढतात, आणि आटे गेले की सगळं चेंबर उतरवावं लागतं. पान्यांची लांबी नंबराप्रमाणे वाढत जाते ती उगाच नाही, लहान बोल्टला जास्त जोर लागू नये म्हणून दांडा आखूड ठेवलेला असतो. पान्याला पाइप जोडून लांबी वाढवणं म्हणजे ही सोय मोडून काढणं.

फिल्टरसाठी कपासारखी गोटी घेतली, फिल्टर हातात धरूनच माप जुळवलं. ती फक्त काढायला. नवा फिल्टर रबराला ऑइलचं बोट लावून हातानं बसवला, टेकल्यावर पाऊण फेरा.

जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजला दिलं, ते गोळा करणाऱ्याकडे देतात. गटारात एक थेंबही नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

ज्याची धास्ती होती ते काम: सायलेन्सरची उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचे तीन बोल्ट, १२ नंबर. पत्रा खडखडतोय, एका जागी चिरलाय.

गुरुवारपासून रोज संध्याकाळी गंज सोडवणारं तेल फवारत होते, सायलेन्सर थंड असताना. आज आधी तारेच्या ब्रशनं डोकी घासली. गंजाची खपली निघाल्यावर आतलं खरं माप दिसतं, आणि पहिला बोल्ट १२ पेक्षा बारीक झाल्याचं लगेच जाणवलं, गोटी डुलत होती. ११ ची गोटी काकांकडून आणली. हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी ती डोक्यावर बसवली, घट्ट बसली. आधी किंचित आवळायच्या दिशेनं, मग सोडायच्या दिशेनं, पुन्हा आवळायच्या. गंजाची पकड मोडते ती या हेलकाव्यानं. चौथ्या-पाचव्या हेलकाव्याला बारीक चर्र आवाज आला आणि तो हलला. दुसरा १२ च्याच गोटीनं, तुलनेनं सहज.

तिसरा हलत नाही. काकांनी दांडीवर हात ठेवून बघितलं आणि काढून घेतला. "हा आता पिळतोय, सुटत नाहीये. अजून ओढलास तर मान तुटेल. राहू दे." दांडी पिळवटल्यासारखी स्प्रिंग देते तेव्हा बोल्ट तुटायच्या बेतात असतो, ही जाणीव लांब दांडीतून हाताला येते. झटके मारणाऱ्या इम्पॅक्ट गनमध्ये ती येत नाही, म्हणून या गाडीसाठी मी गन घेणार नाही.

११ ची सहा कोनांची गोटी यादीत वाढवली. गॅस टॉर्च लावून तापवायचा विचार काकांनी मोडून काढला, पेट्रोलची नळी तिथून फार लांब नाही. तिसऱ्या बोल्टला आठवडाभर रोज तेल. पुढच्या रविवारी नाही सुटला तर पत्रा तिथे कापून काढायचा आणि बोल्ट गॅरेजला दाखवायचा.